वगळलेलं घर

"आवाज मऊ ठेव, नजर काट्यावर ठेव, आणि वजन झालं की पोर आईच्या हातात परत दे. छातीशी धरायचं नाही. एकदा छातीशी धरलंस, की तुला खरा आकडा दिसायचा बंद होईल."

सरांनी हे सांगितलं तेव्हा ती संस्थेत अगदी नवी होती आणि सर खिडकीशी उभे राहून, चहात बुडवलेलं बिस्किट तुटायच्या आत तोंडापर्यंत नेण्याच्या खटपटीत होते. इतकी मोठी गोष्ट माणूस बिस्किट सांभाळता सांभाळता सांगू शकतो, याचं तिला तेव्हा नवल वाटलं होतं. आज इतक्या वर्षांनी, मोठ्या सरकारी कचेरीच्या दगडी पायऱ्यांवर, भर गर्दीत, ते वाक्य सरांच्याच आवाजात आणि त्या भिजक्या बिस्किटाच्या वासासकट तिच्या कानाशी आलं. कारण एका अनोळखी बाईने तिच्या हातात पोर दिलं होतं. झालं होतं ते एवढंच. पायऱ्या उतरताना बाईच्या चपलेचा पट्टा सुटला होता. खांद्याला फुगलेली पिशवी, कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं पोर, मागून माणसांचा लोंढा. "जरा धरा हो ताई," म्हणत तिने पोर पुढे केलं आणि होकाराची वाटही न पाहता खाली वाकली. आणि हिच्या हातांनी, हिला न विचारता, पोराचं वजन केलं.

हातांना ती खोड लागली होती. बाजारात कलिंगड उचललं की हात सांगायचे, हे चार महिन्यांचं, चांगलं बाळसेदार. आत्याची औषधांची पिशवी म्हणजे नुकतं जन्मलेलं, अपुऱ्या दिवसांचं. घरात उशी उचलतानासुद्धा तिच्या मनगटात क्षणभर काहीतरी थांबायचं, काट्यावरचा आकडा थरथरून स्थिर होण्याआधी थांबतो तसं. आता दुपट्यातून डोकावणारं डोकं पाहून तिचे हात एका ठरावीक भारासाठी तयार झाले, आणि भार आलाच नाही. नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसे हात पोरासकट वर गेले. डोकं मोठं होतं, खालच्या हिरडीत दात दिसत होते, आणि तरी हातांत जवळजवळ काहीच नव्हतं. किती महिन्यांचं, असं विचारायला तिने तोंड उघडलं तोवर बाईने पट्टा आत ओढून बसवला होता. "द्या," असं म्हणत तिने पोर एका हाताने उचललं आणि मोकळं हसली. "हलकंच आहे हो. त्याचा कुणाला त्रास नाही." मग ती पायऱ्या उतरून लोंढ्यात मिसळली. हिचे हात मात्र तसेच राहिले, कोपरात वाकलेले, पोराच्या मापाची रिकामी जागा धरून. एक गृहस्थ हिला चुकवून जाताना म्हणाले, "बाई, रस्त्यात उभ्या आहात." तेव्हा कुठे तिने हात खाली घेतले.

वर, बैठकीच्या खोलीत, फार गार होतं. लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची छोटी बाटली, खिडक्यांना ओढलेले पडदे. तिने खुर्चीवर बसल्याबरोबर हात मांडीवर दाबून धरले. समोरच्या पडद्यावर तिच्या सहा वर्षांच्या कामाच्या दोन रेषा होत्या. एक निळी, एक करडी. दोन्ही एकाच ठिपक्यातून निघायच्या, थोडं अंतर हातात हात घालून चालल्यासारख्या जायच्या, आणि मग निळी वर जायची आणि करडी मागे पडायची, खेळताना दमलेलं मूल मागे पडतं तशी. तिला ते चित्र पाठ होतं. तरी आज करडी रेषा पाहताना तिच्या हातांत पुन्हा तो नसलेला भार आला. निळी रेषा म्हणजे रस्त्याच्या अलीकडची वस्ती. करडी म्हणजे पलीकडची. मध्ये ट्रक जाणारा रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना तीच पत्र्याची छपरं, तेच सामायिक नळ, तीच गोदामात ओझी उचलणारी माणसं. बाळ झालेल्या घरी दर आठवड्याला नर्स गेली, तिने आईला कसं पाजायचं, कसं भरवायचं ते शेजारी बसून दाखवलं आणि सोबत दूध नि कडधान्य दिलं, तर त्या पोराचं पुढचं आयुष्य बदलतं का, हे सरांना जाणून घ्यायचं होतं. नुसतं वाटून चालणार नव्हतं. दिसायला हवं होतं, सरकारला नाकारता येणार नाही असं दिसायला हवं होतं. म्हणून एका बाजूला नर्स जाणार, आणि दुसऱ्या बाजूला कुणीच जाणार नाही, फक्त दर महिन्याला काटा जाणार. कुठली बाजू, ते माणसाने ठरवायचं नाही, नाहीतर जिथे पोरं आधीच धडधाकट तिथेच नर्स पाठवली असा आळ येतो. म्हणून दोन चिठ्ठ्या. सरांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून डबा हलवला आणि तिच्यापुढे धरला. "तू काढ. सगळ्यांत नवी तू, तुझ्या मनात काही नाही." तिने डोळे मिटून, मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन चिठ्ठी काढली होती. अलीकडची बाजू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या कशासाठी, हे तिला त्या दिवशीही नीटसं कळलं नव्हतं.

"फारच स्वच्छ चित्र आहे," सचिवबाई म्हणाल्या. वयाने मोठ्या, पांढऱ्या केसांच्या, आणि स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी विचारलेले सगळे प्रश्न शहाण्या माणसाचे होते. "असं इतकं उघड दाखवलेलं मी फार दिवसांनी पाहते आहे. नर्समुळे फरक पडतो, यात मला शंका उरली नाही." टेबलाच्या टोकाला बसलेल्या सरांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. गेली कित्येक वर्षं तो माणूस या एका वाक्यासाठी जगत होता. घरी बायको म्हणायची, तुमची दोन मुलं आपल्याकडे आणि बाकीची सगळी त्या रस्त्यावर. "पण," सचिवबाईंनी चष्मा काढला, "देशभर हे करायचं म्हणजे तिजोरी उघडायची. वरचे मला विचारणार, हा फरक टिकतो का? ही मुलं शाळेत गेली की पुढे राहतात, का सगळी एका पातळीवर येतात? ते कळल्याशिवाय सही होणार नाही. मी ओळखते ना त्यांना." सर सावकाश म्हणाले, "ते कळायचं तर खालची रेषा तशीच राहायला हवी. पुढची काही वर्षं." आणि सचिवबाई, खिडकी उघडी राहू द्या म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या, "मग राहू द्या."

तिने हात वर केला. शाळेत करावा तसा, खांद्यापेक्षा खालीच. "पलीकडच्या लोकांना आपण सांगितलंय, मोजणी संपली की त्यांची पाळी."

"बरोबर सांगितलंत," सचिवबाई तिच्याकडे वळून मायेने म्हणाल्या. "पण मोजणी संपलीये कुठे?"

कुणीतरी हलकेच हसलं. तिला बाटलीचं झाकण उघडेना. सर लगेच म्हणाले, "त्यांची संमती लागेल पुन्हा, मुदत वाढवायची तर. ती काळजी नको. हिच्या आवाजाला तिकडे दारं उघडतात. ही आणेल." सगळ्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. कौतुक खरंच होतं, आणि त्यामुळेच तिच्या मानेवरून गार काहीतरी सरकत गेलं. मऊ आवाज देवाने दिला, असं आत्या म्हणायची. तो जपावा म्हणून ती कधी कुणावर ओरडली नव्हती, खोटं बोलायची वेळ आली तर गप्प बसली होती. आणि या खोलीत तो आवाज काटा, उंची मोजायची फळी, पेन यांच्यासारखा सामानात धरला जात होता. कुठल्या दारात तो न्यायचा आहे, ते तिच्या डोळ्यांपुढे आलं: निळं दार, पत्र्याचं दार, अर्धं रंगवून सोडलेलं दार. आणि त्यांच्यामध्ये एक जागा आली जिथे दार होतं पण दिसत नव्हतं. पाहायला गेलं की नजर घसरून पुढच्या दारावर जायची. असं का, हे तिला कळेना. एवढंच जाणवलं, की तिथून एक आवाज यायचा आणि गेल्या फेरीला तो आला नव्हता.

शिवणाच्या मशीनचा आवाज. बसमध्ये खिडकीला डोकं टेकल्यावर, इंजिनाच्या थरथरीने दात वाजायला लागले तेव्हा तिला तो सापडला. पलीकडच्या बाजूला, नळाच्या वळणावर, पिवळ्या दाराच्या घरात एक बाई शाळेचे गणवेश शिवायची. गल्लीतले सगळे तिला शिवणवाली म्हणत, जसे हिला काटेवाली ताई म्हणत. अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी पाइप टाकायला रस्ता खोदला आणि ओलांडायला एकच फळी टाकली. ती नेमकी शिवणवालीच्या दाराशी उतरायची. अलीकडच्या बाजूची नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत, अंगाने जाड, बोलायला फटकळ, त्या फळीवरून बसस्टॉपकडे जाताना दम लागून एक दिवस पाणी मागायला आत शिरली. आत शिवणवाली दोन महिन्यांच्या मुलीला पाजत होती, चुकीची धरून. सिस्टर पुढे मोठ्याने सांगायची, "आता मी काय डोळे मिटून पाणी पिऊ? पोरगी हवा पीत होती, हवा! मी म्हटलं, अगं बाई, फुगा भरतेस का काय?" तिने मुलीला नीट धरून दाखवलं. मग दर आठवड्याला पाणी प्यायला म्हणून जायला लागली. पलीकडच्या फेरीत काट्यावर त्या मुलीचा आकडा वर सरकताना पाहून हिला आधी नुसता आनंद झाला होता. मुलगी काट्याच्या ताटलीत पाय झाडायची, आकडा ठरू द्यायची नाही, आणि शिवणवाली म्हणायची, "आज ताईंना पुरून उरणार ही." मग हिच्यातली संशोधक जागी झाली. पलीकडच्या बाजूला असा आकडा कसा? तिने सरांना सांगितलं. लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. आलेला आकडा खाली ठेवायचा नाही, हाही एक नेमच होता.

सर रागावले नाहीत. सर कधीच रागावत नसत. "चांगुलपणाची चूक आहे, पण चूकच. या घराला मदत मिळाली, म्हणजे ते पलीकडचं राहिलं नाही. आणि राहतं पलीकडे, म्हणजे अलीकडचं होत नाही. वगळा." त्यांच्या कामात हा शब्द रोजचा होता. माणूस घर सोडून गेला, वगळा. काटा बिघडला होता, तो दिवस वगळा. सिस्टरला जाण्यापासून थांबवायचं काम हिच्याकडे आलं, आणि शिवणवालीला सांगायचंही. मऊ आवाज. शिवणवाली मशीनवर होती. तिने पाय थांबवले नाहीत. करड्या कापडाची बाही सुईखालून सरकत राहिली.

"आमचं काय चुकलं?"

"काहीच नाही हो. कामाचा नियम आहे तसा."

"सिस्टर आजारी आहे का?"

"नाही."

"मग रस्ता खोदलेला होता तोवरच माया होती म्हणायची." ती दात दाखवून हसली आणि दोरा दातांनी तोडला. "बरं झालं बाई, पाइप लवकर बसले."

आणि ही कधी बोलत नसे तसं बोलून गेली. "मोजणी संपली की तुमची पाळी येणार आहे. सिस्टरला मी स्वतः घेऊन येईन. शब्द देते."

मशीन थांबलं. "कुणाला देता? मला, का हिला?" मुलगी खाली कापडाच्या चिंध्यांत बसून एक चिंधी चोखत होती.

"दोघींना."

"माझं सोडा. मी विसरेन, मला शंभर कामं आहेत. हिला दिलात तर जपून द्या ताई. ही त्यावर वाढणार."

पुढल्या महिन्यापासून त्या दारात काटा गेला नाही. निळं दार, पत्र्याचं दार, मग पाय आपोआप दोन पावलं लांब टाकायचे, मग अर्धं रंगवलेलं दार. आतून मशीनची घरघर यायची, आणि ती आली की हिला बरं वाटायचं, म्हणजे आहेत. बघायची गरज नाही, आहेत. ती घरघर गेल्या फेरीला नव्हती, त्याआधीच्या फेरीला होती का? सगळ्या पोरांची वजनं तिला तोंडपाठ होती, पण हे तिला आठवेना. बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "उतरायचंय मला," आणि तिचा थांबा नसताना उतरली.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. आत्या दाराशीच खुर्ची टाकून बसली होती, विणकाम मांडीवर, चष्मा कपाळावर. हिला पाहताच म्हणाली, "आले का आमचे साहेब? सरकार झुकलं का नाही?" मग तिची नजर खाली गेली. "हात का असे धरलेत? सांडतंय का काही?"

"काही नाही, अवघडले."

"अवघडायला काय, दिवसभर लोकांची पोरं उचलायची. स्वतःचं एक उचललं असतंस तर—"

"आत्या."

"बरं, नाही बोलत. धाकट्याचा फोन आला होता. मोठा माणूस झालाय, गाडीवर साहेबाची वाट बघत बसल्या बसल्या मला फोन करतो. तुला विचारत होता, सरकारने तुझ्या रेघा पाहिल्या का."

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ, दीड वर्षाने लहान आणि डोकंभर बुटका. आई गेली तेव्हा दोघं एकाच अंथरुणात झोपत होती. आत्या न्यायला आली ती एकालाच न्यायला. तिच्या एका पगारात, एका खोलीत दोघांचं होणार नव्हतं, आणि वडिलांनीही ते मान्य केलं होतं. कुणाला, हे ठरलेलं नव्हतं. हिला फक्त इतकं आठवायचं, की दारात उभ्या असलेल्या आत्याचं बोट हिने धरलं, कारण आत्याच्या अंगठीला हिरवा खडा होता. धाकटा तेव्हा अंगणात कशाच्या तरी मागे धावत होता. पुढे कितीतरी वर्षांनी ती धाकट्याला आपलं काम समजावून सांगत होती, इथे या टेबलाशीच, एक बाजू आणि दुसरी बाजू, आणि दुसऱ्या बाजूशिवाय पहिलीचं काहीच कळत नाही. तो जेवता जेवता लक्ष देऊन ऐकत होता. मग मान डोलावून म्हणाला, "कळलं. म्हणजे आपल्या घरातली दुसरी बाजू मी." आणि पोट धरून हसला. आत्याही हसली, हसता हसता तिला ठसका लागला. हिने हातातला घास ताटात परत ठेवला होता. धाकट्याच्या मनात काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. त्याने पाणी ओतून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "अगं, गंमत केली. मी काय वाईट आहे का?" वाईट नव्हताच. फक्त उंच फडताळातली बरणी काढताना तो टाचा उंचवायचा, आणि त्या टाचा पाहिल्या की तिला उठून बाहेर जावंसं वाटायचं.

"अंगठी कुठे गं ती, हिरव्या खड्याची?" तिने अचानक विचारलं. आत्या विणताना थांबली. "ती? विकली नाही का तुझ्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांच्या वेळी. का?" "असंच." खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. हिला वाटलं, प्रत्येक खिडकीत कुणीतरी कुणाचं तरी बोट धरून उभं आहे, आणि मागे अंगणात कुणीतरी खेळतं आहे, त्याला अजून कुणी हाक मारलेली नाही.

पहाटे ती नेहमीच्या वेळी उठली. तोंड धुऊन, चहाआधी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. हा तिचा नेम कुणाला माहीत नव्हता. आत्याला वाटायचं, ही मान आखडते म्हणून बसते. पोरांची नावं कामात वापरायची नसत, प्रत्येकाला आकडा होता, आणि देवापुढे आकडे म्हणायला तिची जीभ वळेना. म्हणून ती दारं म्हणायची. अलीकडची आणि पलीकडची, एकही न गाळता, एका ओळीत. निळ्या दाराचा. पत्र्याच्या दाराची. दोर बांधलेल्या दाराची जुळी. प्रत्येकापाशी एक श्वास थांबायचं, मागायचं काही नाही, फक्त दाखवायचं, हे बघ, हाही आहे. सहा वर्षांत तापात पडली तरी तिने हे चुकवलं नव्हतं, आणि दिवसभर कितीही मन खात राहिलं तरी या एका गोष्टीवर ती रात्री झोपत होती, की निदान इथे मी बाजू केली नाही. आजही तिने डोळे मिटले. निळ्या दाराचा. पत्र्याच्या दाराची. अर्ध्या रंगवलेल्या दाराचा.

ती थांबली. मागे गेली. पत्र्याच्या दाराची. अर्ध्या रंगवलेल्या दाराचा. मध्ये जीभ दोन पावलं लांब टाकून गेली होती, पाय टाकायचे तशी. कधीपासून? चार वर्षं. सरांनी वगळा म्हटल्यापासून. तिला कुणी सांगितलं नव्हतं की इथूनही वगळ. देवाला दाखवायच्या दारांतून ते पिवळं दार तिने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं, आणि रोज पहाटे, शांतपणे, पुन्हा पुन्हा काढत राहिली होती. फरशी गार होती. नळातून थेंब पडत होता. ते दार मनात आणायचा तिने प्रयत्न केला, खाली कुरतडलेलं, कडीच्या जागी तार. दार आलं, पण उघडेना. आत काय आहे ते देवही सांगेना.

आणि मग, त्याच कोपऱ्यात, तिला दुसरी गोष्ट कळली, आणि ती पहिलीपेक्षा साधी होती म्हणून जास्त भयंकर होती. घर वगळलं होतं. म्हणजे ते कुठल्याच रेषेत नव्हतं. म्हणजे सिस्टर तिथे त्या दिवसानंतरही दर आठवड्याला गेली असती तरी ना निळी रेषा हलली असती, ना करडी. आधी घर वगळलं, आणि मग त्या घरात जाऊ नकोस म्हणून सिस्टरला थांबवलं. कुणासाठी? त्या मुलीला तिच्या वाटची नर्स द्यायला कुठलाही नियम आड येत नव्हता. सर इतके हुशार, ती इतकी काटेकोर, सिस्टर इतकी फटकळ, आणि चार वर्षांत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. एकदा बाहेर ठेवलं, की बाहेर ठेवलेल्याचं काय करायचं हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

तिने सरांना फोन लावला. सर लवकर उठत. मागे चमचा वाजत होता.

"सर, पिवळ्या दाराच्या घरात सिस्टरला घेऊन जाते."

"कुठलं? हां, ते शिवणाचं." जरा थांबून, "जा की. मला विचारायचं काय त्यात? ते घर आपलं नाहीच."

तिने डोळे मिटले. "आणि संमतीचं—"

"हो, ते आजच सुरू कर. तू बोललीस की होईल."

"मी प्रत्येक दारात जाईन. पण दोन्ही रेषा दाखवून विचारीन. अलीकडची पोरं कुठे आहेत आणि त्यांची कुठे, ते सांगून."

चमचा थांबला. "ते कळल्यावर कोण हो म्हणेल?"

"तेच म्हणतेय मी."

सरांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. "नीट विचार कर. ते नाही म्हणतील, नर्स मागतील, खालची रेषा तिथेच तुटेल. वर बसलेल्यांना तेवढंच निमित्त पुरे आहे. पुरावा अपुरा, फाइल बंद. एका गल्लीतल्या पोरांसाठी तू देशभरातली पोरं पणाला लावते आहेस. मी भीती घालत नाही. आयुष्य घालवलंय मी यात."

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणत होता तसंच होण्याची शक्यता जास्त होती. न पाहिलेल्या दारांची न संपणारी रांग तिच्यासमोर उभी राहिली, आणि तिच्या हातांत ते कालचं पोर आलं, हलकं, त्रास न देणारं. त्या रांगेसाठी काय बोलावं ते तिला सुचलं नाही. पुढे कधी सुचेल असंही वाटलं नाही; आता ती रांग रोज पहाटे तिच्यापुढे उभी राहणार होती.

"पाळी येईल म्हणून मी शब्द दिलाय, सर. आवाज मऊच ठेवीन," ती म्हणाली.

सिस्टर रस्त्याच्या अलीकडे, नळाच्या वळणासमोर उभी होती, धापा टाकत, खांद्याला दूध-कडधान्याची पिशवी. "चार वर्षांनी आठवण झाली होय?" एवढं बोलून तिने हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आता पाच वर्षांची घोडी झाली असेल. पाजायचं दाखवायला गेले तर मलाच चावेल." स्वतःच्या विनोदावर ती हसली नाही. "काटा नाही आणलास?"

"नको."

"आहेत ना गं ती तिथेच?"

रस्त्याच्या कडेला उभी राहून ही कान देऊन ऐकत होती. ट्रक जात होते, एकामागून एक, त्यांच्या चाकांखाली जमीन हलत होती, आणि दोन ट्रकांच्या मधल्या फटीत पलीकडची बाजू दिसायची आणि मिटायची. निळं दार. पत्र्याचं दार. तिने तिसऱ्यावर नजर धरून ठेवली, घसरू दिली नाही. पिवळं होतं. बंद होतं. मशीन वाजत होतं की नव्हतं, या गोंगाटात कळत नव्हतं.

तिने सिस्टरच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या हातात घेतली, आणि फट मिळताच रस्त्यावर पाऊल टाकलं.